कसोटीची कसोटी

बाजारात मडके घेताना गृहिणी ते बोटाच्या पेराने वाजवून पाहते. आवाज खणखणीत निघाला, तर मडके नीट भाजलेले आहे आणि बद्द निघाला, तर त्याला कोठेतरी चीर गेली आहे, हे तिला तत्काळ कळते. शेतकरी बैल विकत घेण्यापूर्वी त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. सराफ दागिना एका काळ्या दगडावर घासतो आणि उमटलेली रेघ माहितीच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहतो. या दगडाचे नाव कसोटी. पुढे हा शब्द सोन्यापुरता उरला नाही. वस्तू असो वा मनुष्य, खरेखोटे निवडणाऱ्या प्रत्येक परीक्षेस लोक कसोटी म्हणू लागले.

या जुन्या परीक्षांत एक मोठा गुण होता. जी वस्तू घरी न्यायची, तिचीच परीक्षा होई आणि ती घेणारा स्वतः करी. आजच्या काळातील पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत ही सोय राहिलेली नाही. मोबाईल फोन टिकाऊ आहे की नाही, हे तो वाजवून कळत नाही. आणि फरशीवर टाकून पाहावा म्हटले, तर दुकानदार तसे करू देणार नाही. म्हणून ही परीक्षा दुसरा कोणीतरी करतो आणि आपण ती इंटरनेटवरील चित्रफितीत पाहतो. फोनची काच चाकूने ओरबाडणे, फोन पाण्यात बुडवणे, उंचावरून खाली टाकणे, दोन्ही हातांनी वाकवणे, पडद्याला पेटत्या ज्योतीचा चटका देणे, असे नाना प्रयोग त्या चित्रफितींत असतात. त्या पाहणाऱ्यांची संख्या लाखांनी मोजावी लागते. या परीक्षांवर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

कोणत्याही परीक्षेकडून किती अपेक्षा करावी, हे समजण्यासाठी प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात केम नावाचे गाव आहे. दौंडहून सोलापूरकडे जाताना कुर्डुवाडीच्या अलीकडे या गावाचे रेल्वे स्थानक लागते. श्रीउत्तरेश्वराचे मंदिर ही गावाची एक ओळख आणि कुंकू ही दुसरी. केमचे कुंकू दूरदूरच्या बाजारांत जाते, आणि कुंकू म्हटले की ते खरे की खोटे, हा प्रश्न घेणाऱ्याच्या मनात येतोच.

हळदीपासून कुंकू करण्याची रीत फार जुनी आहे. पिवळ्या हळदीत चुना मिसळला की तिचा रंग तांबडा होतो. चुना हा आम्लारी आहे. हळदीतील रंगद्रव्य आम्लारीच्या संगतीत तांबडे होते आणि आम्लाच्या संगतीत पुन्हा पिवळे होते. यावरून एक परीक्षा सहज सुचते. चिमूटभर कुंकू बशीत घ्यावे आणि त्यावर लिंबाचा रस पिळावा. चुन्याने तांबडी झालेली हळद असेल, तर ती पिवळी पडेल. तांबडेपणा निराळ्या रंगाने आणलेला असेल, तर तो बहुधा तसाच राहील. ही परीक्षा सोपी आहे, स्वस्त आहे आणि कोणालाही पुन्हा करून पाहता येण्यासारखी आहे.

परंतु तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. कुंकवात माती किंवा आणखी काही मिसळले आहे काय, याचे उत्तर लिंबू देत नाही. शिवाय हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन कुंकू करण्याचीही एक जुनी रीत आहे. त्या रीतीने आलेला तांबडा रंग लिंबाच्या रसाने जात नाही. हे ज्याला ठाऊक नाही, तो अस्सल हळदीच्या कुंकवालाही बेधडक खोटे ठरवील. येथे लिंबाने खोटे सांगितले नाही. त्याला जो प्रश्न विचारलाच नव्हता, त्याचे उत्तर मनुष्याने त्याच्या तोंडी घातले. प्रत्येक परीक्षा एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते. त्यापलीकडचे तिच्याकडून वदवून घेऊ नये. हे सूत्र हाती धरून आता फोनच्या परीक्षा एकेक करून तपासू.

केमसारख्या गावात फोन ही आता केवळ करमणुकीची वस्तू राहिलेली नाही. पिकाचा भाव, बँकेचा निरोप, रेल्वेचे तिकीट आणि मुलांचा अभ्यास ही सारी कामे त्याच्यावर होतात. तो शेतात, धुळीत, पावसात आणि मोटारसायकलवरही धन्याबरोबर असतो. अशी वस्तू वर्षभरात मोडली, तर कष्टाच्या कमाईतून बाजूस काढलेले काही हजार रुपये वाया जातात. निवड चुकल्याचा भुर्दंड चित्रफीत करणाऱ्यास पडत नाही. तो घेणाऱ्यालाच सोसावा लागतो.

पहिली परीक्षा ओरखड्यांची. पुष्कळ चित्रफितींत फोनच्या काचेवर सुरी किंवा किल्ली जोराने ओढून दाखवतात. काचेवर ओरखडा उठत नाही आणि पाहणारा थक्क होतो. वास्तविक यात थक्क होण्यासारखे काही नाही. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी तयार केली. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढते ते अधिक कठीण, हे तिचे तत्त्व. शंखजिरे सर्वांत मऊ, म्हणून त्याचा क्रमांक १. हिरा सर्वांत कठीण, म्हणून त्याचा क्रमांक १०. या श्रेणीत साधे पोलादी पाते साडेपाचच्या आसपास येते, तर फोनच्या काचेवर ओरखडे साधारणपणे ६ किंवा ७ या क्रमांकाशी उठू लागतात. याचा अर्थ असा, की पोलादापेक्षा काच मुळातच कठीण आहे. सुरीने काचेवर ओरखडा उठला नाही, ही त्या एका कंपनीची करामत नव्हे.

काचेचा खरा शत्रू निराळाच आहे. वाळूतील गारगोटीच्या कणांचा क्रमांक ७ आहे. खिशातील किल्लीपेक्षा खिशाच्या तळाशी साचलेली बारीक वाळू काचेला अधिक इजा करते. काही परीक्षक निरनिराळ्या कठीणपणाची टोके असलेल्या लेखण्या घेऊन, कोणत्या क्रमांकाला ओरखडा उठतो, हे क्रमाने दाखवतात. ही परीक्षा सुरीच्या खेळापेक्षा पुष्कळच चांगली आहे, कारण तिला माप आहे. मात्र हे माप केवळ क्रमाचे आहे. वर्गात पहिला आणि दुसरा क्रमांक कोणाचा, एवढे कळल्याने दोघांच्या गुणांत किती अंतर होते, हे कळत नाही. तसेच येथेही आहे. माणिक ज्या खनिजाचे बनते, त्याचा क्रमांक ९ आणि हिऱ्याचा १०. पण प्रत्यक्षात हिरा त्या खनिजापेक्षा कितीतरी पटींनी कठीण असतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. फोनच्या पेटीवर कधीकधी ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ अशी खूण असते. ही खूण एका आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिली जाते. तिच्यातील पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पहिला अंक ६ असेल, तर धूळ आत शिरत नाही. दुसरा अंक ७ असेल, तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवूनही फोनला अपाय होत नाही. दुसरा अंक ८ असेल, तर परीक्षा त्याहून कडक असते. पण किती खोल आणि किती वेळ, हे कंपनी स्वतः ठरवते आणि जाहीर करते. म्हणून एकच खूण असलेले दोन फोन एकाच खोलीपर्यंत तपासलेले असतील, असे समजू नये.

शिवाय ही परीक्षा कोऱ्या फोनवर, प्रयोगशाळेत आणि गोड्या पाण्यात होते. समुद्राचे खारे पाणी, साबणाचे पाणी किंवा शेतातील फवारणीचे औषध यांविषयी ती काही सांगत नाही. फोन एकदोनदा पडला आणि त्याच्या सांध्यात केसाएवढी फट पडली, की कोरेपणीचे संरक्षण तसेच राहील, असे म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियात सॅमसंग कंपनीच्या जाहिरातींत फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्राच्या पाण्यात वापरताना दाखवले होते. परंतु अशा पाण्यात बुडालेला फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला, तर चार्जिंगची जागा गंजून फोन बिघडण्याचा संभव होता. तेथील ग्राहक आयोगाने दावा लावला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील शाखेस १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. फोनवरील खूण खोटी नव्हती. तिच्या आधाराने जे सुचवले गेले, ते तिच्यात बसणारे नव्हते.

तिसरी परीक्षा पडण्याची, आणि चित्रफितींत तीच सर्वांत लोकप्रिय. दोन कंपन्यांचे दोन फोन हातात धरून एकदम सोडतात. एकाची काच फुटते, दुसऱ्याची शाबूत राहते, आणि लगेच निकाल जाहीर होतो. परंतु पडणारा फोन प्रत्येक वेळी सारखा पडत नाही. पाठीवर सपाट पडला, तर धक्का सर्वत्र विभागला जातो. कोपऱ्यावर पडला, तर सारा भार एका बिंदूवर येतो. खाली मऊ माती आहे की शहाबादी फरशी, फरशीवर एखादा खडा आहे की नाही, यावरही निकाल बदलतो. शिवाय काचेवर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे आधीच असू शकतात. पहिल्या पडण्यात काच टिकली आणि तिसऱ्या पडण्यात फुटली, तर तिसरे पडणेच अधिक जोराचे होते, असे नव्हे. आधीच्या दोहोंनी तिची शक्ती कमी केलेली असू शकते.

म्हणूनच शास्त्रीय परीक्षेत आधी नियम ठरवतात. अमेरिकेच्या लष्कराने उपकरणांच्या परीक्षेसाठी एक मानक तयार केले आहे. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत हातात वागवण्याच्या लहान उपकरणांसाठी पडण्याची परीक्षा सांगितली आहे. उपकरण १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा टाकायचे. हा २६ आकडा कोठून आला? पेटीच्या आकाराच्या वस्तूला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ कोपरे असतात; त्यांची बेरीज २६ होते. प्रत्येक पृष्ठावर, प्रत्येक कडेवर आणि प्रत्येक कोपऱ्यावर वस्तू एकेकदा पडलीच पाहिजे, असा हा नेमका हिशेब आहे. मात्र येथेही बारकाई आहे. हे २६ धक्के एकाच उपकरणाला न देता जास्तीत जास्त पाच नगांत वाटण्याची मुभा त्या नियमात होती, आणि खाली फरशी नसून काँक्रीटवर ठेवलेली लाकडी फळी होती. ‘लष्करी मानकानुसार तपासलेला’ असे शब्द जाहिरातीत वाचले, म्हणजे तो फोन दगडावर २६ वेळा आपटूनही टिकतो, असे मानून चालणार नाही.

अशा नेमक्या परीक्षेचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. पुण्यात ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या परीक्षणाचे काम करीत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशात मोटारींना सुरक्षिततेचे तारे देण्याची ‘भारत एनकॅप’ ही योजना सुरू झाली. तिच्यातील एका परीक्षेत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने ठरावीक अडथळ्यावर आदळवतात आणि आत बसवलेल्या, मापक बसवलेल्या पुतळ्यांना किती इजा झाली, ते मोजतात. वेग तोच, अडथळा तोच, पुतळेही तसेच; म्हणून एका मोटारीची दुसरीशी तुलना करणे योग्य ठरते. दोन मोटारी दोन निराळ्या रस्त्यांवर, निराळ्या वेगाने, निराळ्या झाडांवर आदळल्या असत्या, तर त्यांची तुलना कोणी मान्य केली नसती. हातातून सोडलेल्या दोन फोनांची गोष्ट पुष्कळदा अशीच असते.

आता एका जुन्या म्हणीकडे वळू. ‘शितावरून भाताची परीक्षा’ असे आपण म्हणतो. एक शीत बोटांनी चेपले की सारा भात शिजला की नाही, हे कळते. ही म्हण खरी आहे, परंतु तिच्यामागे एक अट आहे. सगळा तांदूळ एका भांड्यात, एका आचेवर, सारखा ढवळून शिजलेला असला पाहिजे. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला, तर एका शितावरून केलेला अंदाज चुकतो. कारखान्यातून बाहेर पडणारे लाखो फोन बहुतेक अंशी सारखे असतात, म्हणून एका फोनच्या परीक्षेवरून काही गोष्टी निश्चित कळतात. काच कोणत्या जातीची आहे, बांधणी धातूची की प्लॅस्टिकची, हे त्या जातीच्या सर्व फोनांना लागू पडते. परंतु जो दोष हजारोंतून एखाद्यातच असतो, तो एका नगात दिसण्याचा संभव फार थोडा.

सॅमसंग कंपनीचा ‘गॅलॅक्सी नोट ७’ हा फोन ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला. त्याच्यावर ‘आयपी ६८’ ही खूण होती. पुढे थोड्याच दिवसांत काही फोनांच्या बॅटरीने पेट घेतल्याच्या वार्ता येऊ लागल्या. २ सप्टेंबर २०१६ रोजी कंपनीने विक्री थांबवून फोन परत मागवण्याचे जाहीर केले. तोपर्यंत कळलेल्या घटना होत्या ३५, आणि बदलून द्यावे लागणारे फोन होते सुमारे २५ लाख. बदलून दिलेल्या फोनांतही तसेच प्रकार घडले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये कंपनीने तो फोन बनवणेच बंद केले. दोषाचे मूळ शोधण्यासाठी कंपनीला दोन लाखांहून अधिक फोन आणि तीस हजारांहून अधिक बॅटऱ्या तपासाव्या लागल्या. दोष बॅटऱ्यांत आहे, हा निष्कर्ष जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झाला. एक फोन हातात घेऊन तो ओरबाडणाऱ्या किंवा बुडवणाऱ्या परीक्षकास हा दोष सापडला नसता, मग तो कितीही प्रामाणिक असो.

एवढे वाचून इंटरनेटवरील परीक्षा म्हणजे निव्वळ पोरखेळ, असा समज कोणी करून घेईल. तो समजही बरोबर नाही. २०१४ मधील एक प्रसंग या दृष्टीने फार बोधप्रद आहे. त्या वर्षी १९ सप्टेंबर रोजी ॲपल कंपनीचे ‘आयफोन ६’ आणि ‘आयफोन ६ प्लस’ हे फोन विक्रीस आले. काही दिवसांतच एका चित्रफितकाराने ‘६ प्लस’ केवळ हातांच्या जोराने वाकवून दाखवला. ती चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली. हातांचा जोर किती होता, हे कोणी मोजले नव्हते. फोनही एकच होता. शास्त्राच्या दृष्टीने ही परीक्षा कच्ची होती, यात संशय नाही.

कंपनीने उत्तर दिले, की पहिल्या सहा दिवसांत वाकलेल्या ‘६ प्लस’ फोनची तक्रार घेऊन केवळ नऊ ग्राहक आले आहेत. यानंतर अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने हे फोन यंत्रात घातले. ही संस्था १९३६ पासून काम करीत असून, परीक्षेच्या वस्तू ती स्वतःच्या पैशाने बाजारातून विकत घेते. फोन दोन्ही टोकांना टेकवून यंत्राने मध्यभागी हळूहळू दाब वाढवत नेला. ‘आयफोन ६’ सुमारे ३२ किलो भाराला वाकला आणि ‘६ प्लस’ सुमारे ४१ किलो भाराला. जुना ‘आयफोन ५’ मात्र सुमारे ५९ किलोपर्यंत टिकला होता. संस्थेचा अभिप्राय असा पडला, की नवे फोन इतर काही फोनांपेक्षा कमी दाब सोसतात; तरी चित्रफितीवरून वाटते तितके ते कमकुवत नाहीत.

येथे हा विषय मिटला, असे लोकांस वाटले. परंतु पुढे अमेरिकेच्या न्यायालयात ग्राहकांनी केलेल्या दाव्यात कंपनीची अंतर्गत कागदपत्रे आली आणि २०१८ मध्ये त्यांतील मजकूर उघड झाला. आधीच्या ‘आयफोन ५एस’ या फोनच्या मानाने ‘आयफोन ६’ वाकण्याचा संभव ३.३ पट आणि ‘६ प्लस’ वाकण्याचा संभव ७.२ पट आहे, असे कंपनीच्या स्वतःच्या परीक्षांतच आढळले होते. हातांनी फोन वाकवणाऱ्याची परीक्षा ओबडधोबड होती, पण तिने दाखवलेली जागा खरी होती. फोन बटणांपाशी वाकत होता. यंत्राची परीक्षा नेमकी होती, पण तिने दाब मध्यभागी दिला, आणि म्हणून तिच्यात ‘६ प्लस’ हा ‘६’ पेक्षा बळकट ठरला. कंपनीकडील माहिती सर्वांत पूर्ण होती, पण ती ग्राहकापर्यंत चार वर्षे पोहोचली नाही. तीन साक्षीदारांपैकी एकाचेच ऐकून निकाल देणाऱ्याची येथे फसगत झाली असती.

साक्षीदार म्हटला की त्याचा हितसंबंध पाहणे आलेच. चित्रफीत करणाऱ्यास ती जितके लोक पाहतील, तितके उत्पन्न मिळते. काच फुटली, धूर निघाला, तर लोक पाहतात. फोन दोन वर्षे बिनतक्रार चालला, तर तो पाहावयास कोणी येत नाही. याशिवाय कित्येकदा कंपनीच फोन भेट देते किंवा स्तुतीसाठी पैसे देते. कंपनीने मुद्दाम निवडून पाठवलेला नग म्हणजे भांड्यातून वेचून काढलेले शीत होय. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वस्तूची शिफारस करणाऱ्याला पैसे, भेट किंवा फुकट वस्तू मिळाली असेल, तर त्याने ते सर्वांना समजेल अशा साध्या भाषेत ठळकपणे सांगितले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास आणि शिफारस करणाऱ्यासही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ग्राहकाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या संस्था आपल्याकडेही आहेत. मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. वस्तूंची प्रयोगशाळेत तपासणी करविणे आणि फसवल्या गेलेल्या ग्राहकास मार्ग दाखवणे, हे काम तिने केले आहे. फोन सदोष निघाला, तर दाद मागण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकही आहे. मात्र त्यासाठी पक्की पावती जपून ठेवलेली असली पाहिजे.

तर मग या चित्रफितींवर विश्वास ठेवावा की नाही? उत्तर असे, की परीक्षा जेवढी नेमकी, तेवढाच तिच्यावर विश्वास ठेवावा. आणि ती किती नेमकी आहे, हे काही साध्या प्रश्नांनी ताडता येते. परीक्षा नक्की कोणत्या गुणाची होती? तिला उंची, वजन, वेळ असे काही माप होते काय? तुलना केलेल्या सर्व फोनांना एकच नियम लावला काय? किती नग तपासले? फोन कोणाच्या पैशाने आला? आणि दाखवलेला प्रकार आपल्या रोजच्या वापरात घडणारा आहे काय? शेवटचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. पडद्याला ज्योतीने चटका बसण्याचा प्रसंग कोणाच्या आयुष्यात सहसा येत नाही. केमच्या शेतकऱ्यास उन्हाची धग, बारीक धूळ आणि मोटारसायकलवरून पडणे यांची काळजी असते. शिवाय जवळच्या गावात दुरुस्ती होईल काय आणि फुटलेली काच किती रुपयांत बदलून मिळेल, हेही त्याला हवे असते. पुष्कळ चित्रफितींत या प्रश्नांचे उत्तर नसते. ते शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानात किंवा तोच फोन वर्षभर वापरलेल्या मनुष्याकडे सापडते. तेथेही एकाला न विचारता चौघांना विचारावे.

आज कित्येक घरांत फोन घेण्याची वेळ आली, की वडीलधारी माणसे शाळकरी मुलालाच विचारतात, “तुला यातले कळते, कोणता घ्यावा, सांग.” हा मान मोठा आहे आणि जबाबदारीही तेवढीच आहे. त्या मुलाच्या एका शब्दावर घरातील कित्येक दिवसांची मिळकत खर्च व्हायची असते. अशा वेळी जो मुलगा किंवा मुलगी “थांबा, ही परीक्षा कशी केली होती, ते आधी पाहू,” असे म्हणेल, त्याचा वा तिचा सल्ला घराच्या उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. लिंबाच्या रसाने कुंकवाविषयी कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते? कोणत्या प्रश्नाचे मिळत नाही?
२. सुरीने फोनच्या काचेवर ओरखडा उठला नाही, यावरून ती काच विशेष कठीण आहे, असे का म्हणता येत नाही?
३. ‘२६ वेळा टाकणे’ या नियमातील २६ हा आकडा कसा आला, ते काडेपेटीवर मोजून दाखवा.
४. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण केव्हा खरी ठरते आणि केव्हा चुकते? आपल्या अनुभवातील एकेक उदाहरण द्या.
५. घरी विकत आणलेल्या एखाद्या वस्तूची जाहिरात पाहा. पाठाच्या शेवटी दिलेले प्रश्न तिला लावून आपले मत दहा ओळींत लिहा.